खर्रा घोटेपर्यंत निकाल

मूल ओलांडून सावलीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक पानठेला लागतो. तिथे रोज सकाळी आठच्या सुमारास ज्युरी बसते. सदस्य सात ते नऊ, उन्हाप्रमाणे कमीजास्त. एक निवृत्त गुरुजी, एक तेंदूच्या फळीवर मुन्शी राहिलेला गृहस्थ, एक धानाचा अडत्या, दोन बेरोजगार, एक पुढारी, आणि ज्याला घरी कोणी काही विचारत नाही असा एक कायमचा. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटायला घेतो तेव्हा खटला सुरू होतो. खर्रा घोटून झाला की निकाल. अपील नाही. खर्रा बंद आहे हे सरकारला माहीत आहे आणि ठेल्यालाही माहीत आहे, त्यामुळे त्या विषयावर दोघेही बोलत नाहीत.

मागच्या आठवड्यातला खटला खुनाचा होता. गाव कुठलं ते सोडा, प्रकरण अजून कोर्टाची पायरी चढायचं आहे.

“साळ्यानंच मारला असन,” अडत्या म्हणाला.

“काहून?”

“धुऱ्यावरून भांडण होतं ना.”

“तेवढ्यासाठी?”

“अन तो मयतीले आला नाही.”

यावर सगळे गप्प झाले. पुरावा भक्कम होता. बरं, तो मयतीला आला असता तरी सुटला नसता. ‘सगळ्यात जास्त तोच रडत होता, तेव्हाच मले शंका आली’ हे वाक्य मुन्शींच्या तोंडात तयारच होतं. ते त्यांना गिळावं लागलं, एवढाच काय तो साळ्याचा फायदा.

एखादा वकील म्हणेल, भारतात ज्युरी राहिली कुठे? बरोबर. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात तिला निरोप द्या म्हणून सांगितलं आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली तेव्हा तिच्यात ज्युरीला जागाच नव्हती. पण आम्ही दारूबंदीच्या मुलखातले लोक. गडचिरोलीत १९९३ पासून दारू नाही, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ नव्हती. ज्युरीही तशीच नाही.

आणि कोर्टातली ज्युरी होती तेव्हा ती तरी पुरावा कशावर तोलत होती? नानावटी खटला सगळ्यांना सिनेमामुळे माहीत आहे. २७ एप्रिल १९५९ ला नौदल अधिकाऱ्याने मुंबईत प्रेम आहुजाच्या घरी जाऊन गोळ्या झाडल्या. बचाव असा की झटापटीत गोळी सुटली. सरकारी पक्षाने बोट ठेवलं ते टॉवेलवर. आहुजा अंघोळीहून आलेला, कमरेला फक्त टॉवेल. झटापट झाली आणि टॉवेल जागेवरच राहिला? विचारायला हरकत नव्हती. पण समोर आरोपी उभा होता तो नौदलाच्या पांढऱ्या गणवेशात, पदकांसह, आणि बाहेर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक त्याच्या बाजूने घसा फोडत होतं. टॉवेल विरुद्ध गणवेश. नऊ जणांच्या ज्युरीत आठ गणवेशाच्या बाजूचे निघाले. न्यायाधीश मेहतांना ते पटेना, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. १९६० मध्ये तिथे जन्मठेप लागली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. म्हणजे तीन पायऱ्या चढल्यावर टॉवेल जिंकला. (हा देशातला शेवटचा ज्युरी खटला असं सर्रास छापलं जातं. तसं नाही, त्यानंतरही खटले चालले. पण शेवटचा म्हटलं की गोष्ट रंगते, आणि रंगलेल्या गोष्टीला वजन असतं, हाच तर आजचा विषय.)

त्याआधी पन्नास वर्षं, १९०८, तीच मुंबई. टिळकांवर राजद्रोहाचा खटला. खून नव्हे, पण मुझफ्फरपूरच्या बॉम्बने दोन बायका मेल्या होत्या आणि त्यावरचे ‘केसरी’तले लेख हाच गुन्हा. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन हिंदी. लेख मराठीत, ज्युरीच्या हातात भाषांतर. शिवाय घरझडतीत सापडलेलं एक पोस्टकार्ड, त्यावर स्फोटकांसंबंधीच्या दोन पुस्तकांची नावं. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं काळं पाणी. मराठीतला उपरोध इंग्रजीत नेताना वाटेत कुठे सांडतो हे ज्याने कधी भाषांतर केलंय त्याला विचारा. पण ज्युरीला सांडलेलं दिसत नाही, भांड्यात उरलेलं दिसतं.

हे जुनं उकरायचं कारण जवळच आहे. भामरागडकडचा माडिया माणूस साक्षीला येतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून गेली नसेल तर येतो. तो माडियात सांगतो, कोणीतरी ते मराठीत करतो, कोर्टाच्या कागदावर ते मराठी जातं, अपिलात नागपूरला त्याचं इंग्रजी होतं. त्याने वेळ सांगितलेली असते ‘सूर्य झाडाच्या वर आला तेव्हा’. तिसऱ्या कागदावर सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. मग उलटतपासणीत वकीलसाहेब विचारतात, साडेनऊच कशावरून? त्या बिचाऱ्याने आयुष्यात साडेनऊ हा शब्द उच्चारलेला नसतो.

ठेल्यावर परत येऊ. अडत्याचं साळा-प्रकरण चाललं असताना गुरुजींनी पान टाकलं.

“एका पोरानं पाह्यलं म्हणते. डोळ्यानं.”

संपलं. धुरा, मयत, सगळं बाजूला. आता साळा नव्हे, शेजारी. कारण पोराने शेजाऱ्याला पाहिलं. पोराने किती वाजता पाहिलं, किती अंतरावरून पाहिलं, पोरगं कोणाचं, शेजाऱ्याकडे त्याच्या बापाचं किती देणं आहे, हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं. माझ्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की जणू मीच शेजारी.

“डोळ्यानं पाह्यलं ना भाऊ!”

माणसाची ही खोड जगभर सारखीच आहे. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक लुटुपुटूचा खटला लोकांपुढे ठेवला. किराणा दुकानात दरोडा पडतो, दुकानदार आणि त्याची लहान नात मारली जाते. आरोपीच्या खोलीत पैसे सापडलेत, आणखी दोनचार खुणा आहेत, पण पाहणारा कोणी नाही. तेवढ्यावर दोषी म्हणणारे निघाले १८ टक्के. दुसऱ्या गटाला सगळं तेच सांगितलं, फक्त वर एक साक्षीदार दिला, ‘मी याला पाहिलं’. दोषी म्हणणारे ७२ टक्के. तिसऱ्या गटाला सांगितलं की साक्षीदार आहे, पण त्या दिवशी त्याचा चष्मा घरी होता आणि चष्म्याशिवाय त्याला समोरच्याचा चेहरा दिसू शकत नाही. किती उतरले? ६८.

चार टक्के. चष्म्याची किंमत चार टक्के! नंतर इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा आकडा दर वेळी इतका बेशरम आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्या अमेरिकी कैद्यांची निर्दोष सुटका पुढे डीएनए तपासणीने झाली, त्यांच्यातल्या जवळपास सत्तर टक्के प्रकरणांत कोणीतरी कोर्टात उभं राहून चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं होतं. खोटं बोलत नव्हते हो. मनापासून दाखवलं होतं. हीच तर गंमत आहे. खोटारडा साक्षीदार उलटतपासणीत घामाघूम होतो, चुकलेला साक्षीदार शांत असतो.

गुरुजींना हे सांगितलं. ते म्हणाले, “अमेरिकेत असन तसं. आपल्याकडचे डोळे चांगले आहेत.”

आपल्या कायद्याला मात्र एक गोष्ट फार पूर्वी कळली होती. साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात. आणि दुसरी गोष्ट: पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम घातलं तेव्हा ते स्वतःच्याच पोलिसांना ओळखून होते. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमांचे आकडे बदलले, हा अविश्वास तेवढा कायम ठेवला. पण सकाळच्या पेपरात मथळा काय असतो? ‘आरोपीची कबुली’. चार कॉलम. जिला कोर्टाच्या तराजूत शून्य वजन, ती ठेल्याच्या तराजूत सगळ्यात जड. बेरोजगारांपैकी एकाने मोबाइलवर ती मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा पुढाऱ्याने ‘फाशीच पाहिजे’ म्हणून ठरावही मांडून टाकला. ठेल्यावर ठराव मांडायला गणपूर्ती लागत नाही.

कबुलीतून एकच वाट कोर्टापर्यंत जाते. आरोपीने सांगितलं आणि त्या सांगण्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून प्रत्येक फाइलीत एक निवेदन पंचनामा असतो, आणि प्रत्येक निवेदन पंचनाम्यात आरोपी त्याच शुद्ध मराठीत बोलतो: मी गुन्ह्यात वापरलेली कुऱ्हाड लपवून ठेवलेली जागा दाखवतो, माझ्यासोबत चला. आयुष्यभर झाडीबोली बोललेला माणूस पंचांपुढे आला की अचानक पुण्याचा होतो. मग कुऱ्हाड तणसाच्या ढिगात सापडते. कुऱ्हाडीवर रक्त असतं. ते नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. आमच्याकडे कुऱ्हाड नसलेलं घर दाखवा, पैज लावतो. सरपणाची कुऱ्हाड, मोहाच्या दिवसांतली कुऱ्हाड, कोंबडं कापलं त्या दिवशीची कुऱ्हाड. म्हणून रक्त माणसाचं की कोंबडीचं, आणि माणसाचं तर कोणाचं, हे सांगणारा कागद लागतो. तो येईपर्यंत ठेल्यावरची निम्मी ज्युरी बदललेली असते.

उरला परिस्थितीजन्य पुरावा. हा शब्द ज्युरीला मुळीच आवडत नाही. ‘नुसता परिस्थितीजन्य’ असं म्हणतात, नुसत्या भातासारखं. पण सगळ्यात बारीक दळण याचंच आहे. महाराष्ट्रातूनच गेलेले दोन खटले इथे कायद्याचे विद्यार्थी पाठ करतात. १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ यांच्यामधलं अंतर लांब आहे. १९८४ च्या सारडा खटल्यात त्यावर पाच कसोट्या बांधल्या, त्यांना पंचशील म्हटलं. साखळीची प्रत्येक कडी सिद्ध पाहिजे, कड्या फक्त याच आरोपीकडे गेल्या पाहिजेत, दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. आमच्या बोलीत हे अंतर एका शब्दात मावतं. ‘असन’. मारला असन. केलं असन. ‘असन’ म्हणताना मान किंचित डावीकडे झुकते, आणि खर्रा तोंडात गेला की त्याच ‘असन’चं ‘आहे’ होतं. पंचशील तिथेच थुंकलं जातं.

अहेरी तालुक्यातल्या महागावची आठवण यासाठी आली. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुमारे वीस दिवसांत एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. अंगाला मुंग्या, पाठदुखी, एक दवाखाना, दुसरा दवाखाना. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे थॅलियम, रंग नाही, चव नाही. नात्यातल्याच दोन बायकांना अटक झाली. पाहणारा साक्षीदार अशा प्रकरणात असणार कुठून? विष कालवताना पाहिलं असतं तर कोणी जेवलं नसतं. इथे जे काही ठरेल ते प्रयोगशाळेच्या कागदावर, खरेदीच्या मागावर आणि कड्यांवर ठरेल, आणि ते न्यायालय ठरवील. ठेल्याने मात्र अटकेच्या दुसऱ्याच दिवशी शिक्षेची पद्धतसुद्धा ठरवली होती. ती इथे छापत नाही, सदर सकाळी चहासोबत वाचलं जातं.

तर असं आहे. माणसाला ज्युरी नाही. पण आमच्या दोन जिल्ह्यांत एका आरोपीला अजून रीतसर ज्युरी मिळते.

वाघाला.

थट्टा नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१३ मध्ये घालून दिलेली कार्यपद्धती आहे. वाघाने माणूस मारला की समिती बसवायची. मुख्य वन्यजीव रक्षकांचा एक प्रतिनिधी, प्राधिकरणाचा एक, एक पशुवैद्यक, एक स्थानिक संस्थेचा, आणि एक चक्क पंचायतीचा. गावचा माणूस! नानावटीच्या ज्युरीत गावचा कोण होता सांगा. ही मंडळी काय पाहतात? कॅमेरा ट्रॅप. वाघाचे पट्टे म्हणजे त्याचा अंगठा, शिवाय डावी कूस वेगळी आणि उजवी वेगळी, त्यामुळे ओळख पक्की करायची तर दोन्ही बाजूंचे फोटो. पाऊलखुणा. विष्ठा, केस, जखमेवरची लाळ, डीएनए. घटनास्थळी तो होता हे पुरेसं नाही, तोच होता हे दाखवायचं.

त्याहून पुढचं ऐका. हेतू तपासतात. बाई तेंदू तोडायला वाकली, वाघाला ती चार पायांची वाटली, दचकून पंजा मारला, तर तो अपघात. दबा धरून बसला, पाठलाग केला, मारून खाल्लं, पुन्हा तसंच केलं, तर प्रकरण वेगळं. सोबत पिल्लं होती का? म्हातारा आहे का? सुळे शाबूत आहेत का? जखमी आहे का? माणसाच्या खटल्यात शिक्षेच्या वेळी जे विचारायचं वकील विसरतो, ते वाघाला आधीच विचारलेलं असतं. एवढं झाल्यावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश. आणि ठार मारायचं तर पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे सोडणं यातलं काहीच जमत नाही, अशी त्यांची खात्री झाली पाहिजे. ‘असन’ चालत नाही.

सीटी-१ ची फाइल घ्या. तेरा माणसं, तीन जिल्ह्यांत. वडसा वनविभागात सहा, भंडाऱ्यात चार, ब्रह्मपुरीत तीन. १३ ऑक्टोबर २०२२ ला वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून धरला. त्याआधी २०२० मध्ये राजुऱ्याचा आरटी-१, तोही जिवंत. दोघांची रवानगी नागपूरच्या गोरेवाड्यात. जन्मठेप, जेवण सरकारी. ताडोब्यात असतात तेव्हा वाघांना नावं असतात, माया म्हणा, मटकासूर म्हणा, पर्यटक टोप्या घालून त्यांचे वाढदिवस करायचे बाकी आहेत. गुन्हा घडला की नाव जातं आणि एकदोन अक्षरं, एक आकडा उरतो. कैद्यासारखंच.

शेजारच्या यवतमाळची टी-१ तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. नाव अवनी. गावकरी एका बाजूला, प्राणिप्रेमी दुसऱ्या बाजूला, मध्ये डीएनएचे अहवाल. सगळे बळी हिचेच कशावरून, असा वाद रीतसर झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने आदेशात हात घालायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीने मेली. त्यानंतर खटला उलटा फिरला. आता मारणारे आरोपी, आणि बेशुद्धीचा डार्ट आधी मारला की नंतर टोचला, यावर चौकशी. मेलेल्या वाघिणीच्या मांडीवरचा डार्ट हा मुद्देमाल. टॉवेलचीच जात.

वाघाच्या ज्युरीला हसायची माझी इच्छा नाही. गैरसमज नको. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एका दिवसात मारल्या गेल्या. त्या घरांपुढे उभं राहून ‘दोन्ही कुशींचे फोटो मिळेपर्यंत थांबा’ असं म्हणायला छाती लागते, आणि वनरक्षकाला ते म्हणावं लागतं, रस्त्यात टायर जळत असताना. लोकांचं म्हणणं सोपं आहे: काल मेली, आज वाघ दिसला, तोच. पाहणारा साक्षीदार इथेही असतो, आणि इथेही तो चष्म्याविना असतो. तरी समिती बसते. पिंजरा चुकीच्या वाघावर पडला तर खरा मोकळा राहील आणि उद्या आणखी एक बाई जाईल, हे तिला शिकवलेलं असतं. चुकीचा आरोपी धरला की खरा मोकळा राहतो, हे वाघाबाबत सगळ्यांना पटतं.

आता एटापल्ली.

१ मे २०२४. महाराष्ट्र दिन. बारसेवाडा गावात एक लहान मुलगी आजारी पडून गेली होती. गाव बसलं. एक बाई आणि एक पुरुष, दोघंही पन्नाशीतले, जादूटोणा करतात म्हणून ठरलं. मारलं, आणि जिवंत जाळलं. पंधरा जणांना अटक झाली.

पुरावा काय होता? मुलगी मेली हा. त्यांच्याविषयी कुजबूज होती हा. पशुवैद्यक नव्हता, माणसाचा वैद्यही नव्हता. लेखी आदेश नव्हता. पकडणं, दुसरीकडे सोडणं, यातलं काही जमतं का, असं कोणी कोणाला विचारलं नाही. त्याआधी २०२१ च्या ऑगस्टात जिवती तालुक्यातल्या वणी गावात अशाच संशयावरून सात जणांना खांबाला बांधून मारलं, त्यांत म्हातारेही होते. ते वाचले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, चांगला आहे. वाघाची कार्यपद्धतीसुद्धा २०१३ चीच, दोघं एकाच वर्षाचे. त्यातला एक गावोगाव पोचला, कारण त्याच्यासोबत कॅमेरा, जीप आणि कर्मचारी गेले.

आणि नक्षलवाद्यांची जनअदालत? तिच्याविषयी ठेल्यावर आवाज खाली जातो, अजूनही. रात्री घरातून उचललेला माणूस, सकाळी रस्त्यावर प्रेत, वर चिठ्ठी: पोलिसांचा खबऱ्या. गडचिरोलीत अशा चिठ्ठ्या कित्येक वर्षं सापडत आल्या. चिठ्ठी हेच आरोपपत्र, तोच पुरावा, तेच निकालपत्र, सगळं एका पानात. कागदाची एवढी काटकसर कुठल्या कोर्टाला जमली नाही. नाव मात्र ‘जन’. त्या माणसाने नवीन मोबाइल घेतला होता, किंवा तहसिलीत दोनदा गेला होता. यापलीकडे काही असेल तर ते चिठ्ठीत नसतं.

मी एवढं लोकांच्या ज्युरीवर बोलतोय, तर एक गोष्ट तिच्या बाजूची सांगितलीच पाहिजे. चंद्रपूरच्या तुरुंगात एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ ला तिथे बाबूराव शेडमाकेंना फाशी दिली. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार, पंचवीस वर्षांचे. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस तारखात्याचे दोन इंग्रज, गार्टलँड आणि हॉल, मारले गेले होते, तिसरा निसटला आणि चांद्याला येऊन त्याने सगळं सांगितलं. म्हणजे पाहणारा साक्षीदार होता, गुन्हा होता, आरोपी होता. निवाडा राज्यकर्त्यांचा, फाशीही त्यांचीच. कागदोपत्री ठाकठीक. पण दर २१ ऑक्टोबरला लोक त्या पिंपळाखाली जमतात आणि निकाल फिरवतात. दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली, दर वर्षी एकमताने. या ज्युरीने कधी प्रत्यक्षदर्शीची साक्ष खोटी ठरवली नाही. तिने वेगळाच प्रश्न विचारला: तुम्ही इथे कशासाठी आला होता?

म्हणून ज्युरी वाईटच, असं मी म्हणणार नाही. झाडीपट्टीचं नाटक पाहायला या कधी. वडशाच्या मंडळींनी शंकरपटाच्या गावात मंडप टाकलेला, थंडी, दहा हजार डोळे, पहाटेपर्यंत. खलनायक खोटी कागदपत्रं दाखवतो तेव्हा मागून एखादी म्हातारी ओरडते, “खोटा हाय गा तो!” तिला चष्मा नसतो, आणि ती बरोबर असते. मात्र तिथे लेखकाने तिला पहिल्या अंकात सगळं दाखवून ठेवलेलं असतं. गावात पहिला अंक कोणीच पाहिलेला नसतो.

परवा पुन्हा ठेल्यावर थांबलो. शेजारी सुटला होता, म्हणजे ठेल्यावरच्या खटल्यातून. आता संशय मृताच्या बायकोवर होता. ती मयतीत ‘पाहिजे तशी’ रडली नाही, असं मुन्शींचं म्हणणं. किती रडायला पाहिजे होतं ते गुरुजी सांगत होते, तेवढ्यात पोलिसांची जीप थांबली. हवालदार उतरला. घामेजलेला, हातात कोरे कागद आणि कार्बन.

“दोन पंच पाहिजे होते. इथंच, फर्लांगभर. मुद्देमाल जप्तीचा पंचनामा आहे. सही करायची, बस. पुढं मागं कोर्टात एखादवेळ यावं लागन.”

ठेलेवाल्याचा हात पन्नीवर थांबला. अडत्याला आठवलं की धानाचा ट्रक उभा आहे. बेरोजगारांना एकदम काम निघालं. पुढाऱ्याचा फोन वाजला, म्हणजे वाजला नव्हता, पण त्याने उचलला. मुन्शी शेतात. गुरुजी जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “मले डोळ्यानं नीट दिसत नाही आताशा,” आणि काठी टेकत गेले. ज्याला घरी कोणी काही विचारत नाही तोसुद्धा घरी गेला.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही काय करता जी?”

“मी... लिहितो. पेपरात.”

“मंग त चांगलंच हाय. सही त येतेच.”

मी त्याला सांगितलं की मला नागपूरची बस धरायची आहे. सकाळचे साडेआठ वाजले होते. बस दुपारी चारला होती.